साडेचारची सावली

आमच्या उद्यान खात्यात सावली दुपारी बारा वाजता पडते. त्याआधी किंवा नंतर ती कुठे पडत असेल, तर ती तिच्या स्वतःच्या जबाबदारीवर. खात्याकडे एकच जीप आहे आणि ती साडेअकरा ते दीड एवढाच वेळ आमच्या वाट्याला येते. उरलेला दिवस ती वरच्या साहेबांच्या सेवेत असते. त्यामुळे शहरातल्या तमाम बागांची मोजणी, पाहणी, चौकशी, जे काय व्हायचं ते भर दुपारी होतं. मी या खात्यात आराखडे काढते. सोळा वर्षं काढतेय. माझ्या आराखड्यांत झाडं गोल असतात, माणसं नसतातच, आणि सावली ज्याची त्याच्या पायाशी निमूट बसलेली असते.

पण हे सगळं सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, माझ्या सासऱ्यांबद्दल. ते याच खात्यात माळी. सासरे बागेत आणि सून कचेरीत, म्हणजे घरचंच राज्य, असं लोकांना वाटतं. राज्य कसलं, दोन खोल्या आणि एक टेबल. त्याच टेबलावर जेवण, त्यावरच लेकीचा अभ्यास आणि त्यावरच माझे आराखडे. नवरा बस चालवतो. घरी असला की झोपलेला असतो, तेव्हा या प्रकरणात त्याचा काही दोष नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. बागेतली पोरं त्यांना फक्कीमामा म्हणतात. मैदानावर रेघा आखायची ती पांढरी फक्की असते ना, तिची एक पिशवी कायम त्यांच्या खांद्याला लटकलेली असते. खात्याने ती फक्की खेळाची मैदानं आखायला दिली. मामा तिने सावल्या आखतात. बागेत एकतीस वर्षं काढल्यावर माणसाला काही ना काही खोड लागतेच. कुणाला तंबाखूची लागते, यांना ही लागली. तीन वाजता बदामाच्या झाडाची सावली कुठवर येते, तिथे एक रेघ. चार वाजता कुठवर, तिथे दुसरी. मग त्या रेघांप्रमाणे हलवता येण्यासारखे बाक हलवायचे आणि म्हाताऱ्यांना सांगायचं, "आजी, जरा सरकून बसा, पाच मिनिटांत इथे ऊन येईल." आजी कुरकुरत सरकतात आणि पाच मिनिटांत तिथे ऊन येतं. घड्याळ ते वापरत नाहीत. पूर्वी एक होतं, ते खताच्या खड्ड्यात पडलं. तीन महिन्यांनी सापडलं तेव्हा चालू होतं, पण मामांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला होता.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझी लेक भाजली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी कधी उभीच राहत नसे. त्या दिवशी साडेचारला नवा फ्रॉक घालून ती बागेतल्या घसरगुंडीवर चढली. घसरगुंडी पत्र्याची, उघड्या मैदानाच्या मधोमध. पूर्वी तिथे तीन झाडं होती. ती पाचोळा करतात आणि पाहणीच्या दिवशी तो बरा दिसत नाही, म्हणून खात्याने ती काढली होती. पाचोळ्याचा प्रश्न अगदी मुळापासून सुटला. भिंगरी बसली, सुटली आणि अर्ध्यात किंचाळली. मामांनी तिला खाली पोचायच्या आत उचललं, नळाखाली धरलं आणि तसंच धरून ठेवलं. मी कचेरीतून धावत पोचले तेव्हा दोघंही चिंब भिजलेली होती. तिच्या मांड्यांच्या मागच्या बाजूला फोड उठले होते. मामा त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी आयुष्यातला पहिला अर्ज केला. लिहिला मी, सही त्यांची. घसरगुंडीवर साडेचारला सावली पाहिजे, एवढंच म्हणणं.

खातं तातडीने हललं, म्हणजे तीन महिन्यांनी. मैदानात एक लोखंडी फलक आला: 'पत्रा तापतो. पालकांनी काळजी घ्यावी.' त्या अख्ख्या मैदानात सावली अशी काय ती त्या फलकाचीच पडायची, आणि तिथे एक कुत्रं येऊन झोपायचं. कुणीतरी त्याचा फोटो वर्तमानपत्रात दिला. तापलेली घसरगुंडी, सावलीत कुत्रं आणि वर पालकांना उपदेश. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जे अर्जाला जमलं नाही ते कुत्र्याने केलं. छत मंजूर झालं. चार पोलादी खांब, पंधरा फूट उंची, वर ताणलेलं जाड कापड. जीप मिळाली, आम्ही बारा वाजता जाऊन मोजणी केली आणि मी आराखडा काढला. घसरगुंडी मधोमध, तिच्या डोक्यावर छत आणि छताखाली शाईने भरलेला सावलीचा सुबक चौकोन. इतका सुबक की मी तो घरी आणून टेबलावर पसरला, चार कौतुकाचे शब्द कानावर पडावेत म्हणून.

मामांनी हात धुऊन, पुसून, कागदाला न शिवता तो पाहिला.

"ही सावली किती वाजताची गं?"

"किती वाजताची म्हणजे? छताची सावली आहे, मामा."

"हो, पण किती वाजताची? बाराची दिसतेय."

"मोजणी बारालाच झाली."

"पोरं साडेचारला येतात. तोवर ही सावली इथे कशाला थांबेल? दहा-अकरा पावलं सरकून भिंतीकडे गेलेली असेल."

मला राग आला. सोळा वर्षं आराखडे काढणाऱ्या बाईला फक्कीची पिशवी खांद्यावर टाकलेला माणूस भूमिती शिकवतो म्हणजे काय! मी म्हटलं, "मामा, नियमात छत उपकरणाच्या डोक्यावरच असावं लागतं. शिवाय आराखड्यावर सही झाली आहे." आमच्या घरात सहीपुढे कुणी बोलत नाही.

छत झालं. उद्घाटन बारा वाजता झालं. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि सावली अगदी शहाण्या मुलीसारखी घसरगुंडीच्या पायाशी बसली होती. माझी मान ताठ झाली. साडेचार वाजता मी पुन्हा मुद्दाम गेले, आपलं काम डोळे भरून बघावं म्हणून. छत होतं तिथेच होतं. घसरगुंडीही तिथेच होती. पश्चिमेचं ऊन छताखालून आडवं शिरून पत्र्यावर झगझगत होतं आणि माझा सुबक चौकोन पलीकडे मोकळ्या जमिनीवर पडला होता. दहा पावलं. मी मोजली. तिथे तेच कुत्रं झोपलं होतं. त्याच्या राहण्याची सोय मात्र खूपच सुधारली होती.

मामा "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते काहीच म्हणाले नाहीत.

भिंगरी त्या सगळ्या वर्षात घसरगुंडीवर चढली नाही. फोड केव्हाच बरे झाले होते. पण ती पायथ्याशी उभी राहून दुसऱ्या मुलांना सोडायची. "थांब, आधी हात लावून बघ. आता जा. आता तू." पोलिसासारखी. एका जागी उभी. पोरगी भिंगरीसारखी फिरायची थांबली, हे मला फोडांपेक्षा जास्त लागलं होतं आणि मी ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस मामांनी छताची सावली आखली. चार वाजता तिच्या चारही कडांना रेघ, साडेपाचला पुन्हा. चारचा चौकोन अलीकडे, साडेपाचचा पलीकडे, आणि दोघांमध्ये पाच-सहा फुटांची एक पट्टी अशी, की जी दोन्हींत येते. म्हणजे पोरं बागेत असतात तो सगळा वेळ तिथे सावली. घसरगुंडी उभी लावली तर बरोब्बर मावणारी पट्टी. छत हलवायला सही लागते, मंजुरी लागते, ठेकेदार लागतो. घसरगुंडी हलवायला पहारी लागतात. बाग बंद असते त्या दिवशी मामांनी दोन पहारेकऱ्यांना हाताशी धरलं, घसरगुंडी उपटली आणि त्या पट्टीत नेऊन रोवली. तिथली जमीन भरावाची, त्यामुळे एक पाय जरासा डुगडुगायचा, तेवढंच.

मी भिंगरीला म्हटलं, "आता तरी जा. बघ, आजोबांनी तुझ्यासाठी सावलीत आणली."

ती म्हणाली, "आणि साहेबांनी परत उन्हात नेली तर?"

सहा वर्षांच्या मुलीला खात्याचा स्वभाव कळला होता.

पंधरवड्यात आमचे हेडक्लार्क दुसऱ्याच कामाला त्या बाजूने गेले, अर्थात बारा वाजता, आणि त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांचा श्वासच अडकला. लाखमोलाच्या छताखाली काहीही नाही, आणि घसरगुंडी बाहेर रणरणत्या उन्हात! कुणा माथेफिरू माळ्याने मुद्दाम उचलून उन्हात नेली! चौकशी लागली. मामांना विचारलं, त्यांनी सरळ "मीच हलवली" म्हणून सांगितलं. घसरगुंडी मूळ जागी आणायची आणि माळ्यावर कारवाई करायची हे ठरलेलंच होतं, फक्त जागेवर जाऊन तसं लिहायचं बाकी होतं. लिहून घ्यायला मला नेलं. नातं माहीत होतं, पण अक्षर माझं चांगलं आहे.

बारा वाजता साहेब, हेडक्लार्क आणि मी जीपमधून उतरलो. मामांनी कोठीतून तीन खुर्च्या आणून छताखाली मांडल्या. साहेबांनी उन्हातल्या घसरगुंडीकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या छताकडे, मग मामांकडे.

"एकतीस वर्षं नोकरी झाली म्हणता ना? उन्हात आणि सावलीत फरक कळत नाही तुम्हाला?"

"कळतो, साहेब. साडेचारला बघा एकदा."

"आम्ही काय इथे मुक्कामाला आलोय?"

तेवढ्यात चालकाला फोन आला. वरच्या साहेबांचे पाहुणे स्टेशनवर उतरले होते. तो "अर्ध्या तासात आलोच" म्हणून जीप घेऊन गेला. आमच्या खात्यात अर्धा तास कशाला म्हणतात ते साहेबांना माहीत होतं, पण भर उन्हात चालत कोण जाणार? त्यांनी अहवाल सांगायला घेतला आणि मी लिहायला.

एक वाजून गेल्यावर साहेबांच्या गुडघ्यावर ऊन आलं. त्यांनी सांगता सांगताच खुर्ची थोडी सरकवली. हेडक्लार्कनी सरकवली, म्हणून मीही सरकवली. दोन वाजता पुन्हा. चहा आला, तो पिताना पुन्हा. साहेबांचं सगळं लक्ष अहवालात होतं. ते अर्धवट उठायचे, खुर्ची ढुंगणालाच धरून दोन पावलं पूर्वेकडे जायचे आणि वाक्य न तोडता बसायचे. "सदर कर्मचाऱ्याने कोणताही विचार न करता..." सरकले. "...उपकरण छायेबाहेर नेऊन ठेवले..." आणखी सरकले. मी मान खाली घालून लिहीत होते. मामा लांब उभे होते. दर तासाला ते यायचे आणि साहेबांच्या खुर्चीच्या पायाशी चिमूटभर फक्की टाकून जायचे. त्यांना चेष्टा करायची नव्हती, असं ते अजूनही सांगतात. सवय म्हणे.

साडेचारला शाळा सुटलेली पोरं येऊन धडकली. अहवाल संपत आला होता. शेवटचं वाक्य साहेबांनी चांगलं घोळवून सांगितलं, "सबब, उपकरण सध्या ज्या जागी आहे ती जागा कडक उन्हाची असून लहान मुलांनी तेथे क्षणभरही थांबणे धोक्याचे आहे." आणि त्यांनी सहीसाठी हात पुढे केला.

"काका, उठा."

भिंगरी त्यांच्यासमोर उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"काय?"

"उठा ना. इथे बसायचं नसतं. मुलं वरून येऊन आपटतात."

साहेबांनी मान वळवली. घसरगुंडीचा शेवट त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर होता. वर चार पोरं रांगेत खोळंबली होती. साहेबांनी पत्र्यावर हात टेकला, उठायला आधार म्हणून, आणि तो तसाच टेकलेला राहिला. पत्रा गार होता. मग त्यांनी मागे पाहिलं. छत दहा पावलांवर होतं आणि त्याच्या खाली, जिथे आम्ही बाराला बसलो होतो, तिथे उन्हाने माती पांढरी पडली होती. तिथून इथवर खुर्च्या फरफटल्याचे चर होते आणि चरांच्या कडेने फक्कीचे पाच ठिपके, एकेक तासाचे.

हेडक्लार्क खोकले. माझ्या मांडीवर तो कागद होता, माझ्या चांगल्या अक्षरातला. मामा लांबूनच पाहत होते, आणि तेव्हाही ते काही बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. सहीपुढे आमच्या घरात कुणी बोलत नाही, आणि ती शिकवण या घरात मी आणली होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"साहेब, चूक मामांची नाही," मी म्हटलं. माझा आवाज चिरका निघाला. "माझी आहे. मी बाराची सावली काढली. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. घसरगुंडी बरोबर जागी आहे. आपण तिच्याशेजारी, छताच्या सावलीत बसूनच हे लिहिलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता गेली नोकरी. पण साहेब काही उगाच साहेब झाले नव्हते.

"बाई, मंजूर आराखड्यात चूक नसते," ते थंडपणे म्हणाले. "चूक म्हटली की ती कुणीतरी मंजूर केलेली असते. ते पान फाडा. नवं लिहा. 'दुपारी साडेचार वाजता समक्ष पाहणी केली. उपकरण पूर्णपणे छायेत आढळले. खात्याची छत योजना यशस्वी झाली आहे.' आराखडा नवा काढा आणि घसरगुंडी आहे तिथे दाखवा. तारीख जुनीच टाका."

"आणि माळी?" हेडक्लार्कनी विचारलं. एवढी चांगली चौकशी वाया जातेय म्हणून त्यांचा जीव तुटत होता.

"त्यांना लेखी ताकीद. विनापरवानगी हलवली ना? मग! योजना यशस्वी झाली म्हणून काय शिस्त सोडायची?"

मग ते उठले, खुर्ची बाजूला घेतली आणि भिंगरीला म्हणाले, "हं, सोडा तुमची गाडी." जीप सव्वापाचला आली.

ताकीद आठ दिवसांनी आली, बंद पाकिटात, जाड कागदावर, शिक्क्यासकट. छत योजनेबद्दल साहेबांचा कुठेतरी सत्कार झाला तोही त्याच आठवड्यात. मी पत्र घेऊन बागेत गेले. मामा घसरगुंडीपाशीच होते. मी वाचून दाखवलं, "आपण केलेले कृत्य गंभीर स्वरूपाचे असून पुन्हा असे घडल्यास..." मामांनी शांतपणे सगळं ऐकलं. भिंगरी पायथ्याशी आपल्या ड्युटीवर होती, तीही ऐकत होती.

"यात घसरगुंडी परत न्या असं लिहिलंय का गं?" मामांनी विचारलं.

"नाही."

"पुन्हा बघ. मागच्या बाजूला?"

मी कागद उलटून पाहिला. "नाही, मामा. कुठेच नाही."

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. नीट घडी घातली, मग घडीची घडी, मग आणखी एक, बोटभर जाड होईपर्यंत. खाली बसून डुगडुगणाऱ्या पायाखाली ती घडी सारली आणि वरून हाताने दाबून बघितलं. पाय हलेना. "कागद चांगला वापरतात," ते म्हणाले.

भिंगरीने ते सगळं पाहिलं. मग ती आपली जागा सोडून पुढे आली. पत्र्यावर तळहात टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. रांगेतली पोरं ओरडायला लागली. ती मागे फिरली, सगळ्यात शेवटी जाऊन उभी राहिली आणि पुढच्या मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "चल ना लवकर, माझा नंबर आहे."